दुसऱ्याच्या आईचं गाणं

८ जुलै

चि. चिमणीस दादाचे मनापासून आशीर्वाद, वि. वि.

गीतरचना स्पर्धेचा निकाल कळलाच असेल. तू रागावली असशील म्हणूनच लिहायला बसलो.

आमच्याकडे गाण्यांवर नावं नसतात. पडद्यामागून एकच गायक सगळी गाणी म्हणतो, आम्ही तिघे परीक्षक गुण देतो. पण कुलूप लावून निघालेली आई पुन्हा मागे येते, कुलूप ओढून बघते, हे एका गाण्यात ऐकलं आणि माझे डोळेच भरले. आपल्या आईला मी ओळखणार नाही का? त्याच क्षणी उठून सांगायला हवं होतं, की हे माझ्या बहिणीचं गाणं दिसतं, मला यातून वगळा. धीर झाला नाही. उद्या लोक म्हणतील, मास्तरांनी घरातच बक्षीस वाटलं, या भीतीनं मी सगळ्यांत कमी गुण दिले. बाकी दोघांनी पहिलं ठरवलेलं गाणं माझ्यामुळे चौथ्या क्रमांकावर गेलं.

देवापुढे बसतो, पण हात जोडवत नाहीत. हवं तेवढं रागाव, फक्त बोलणं टाकू नकोस.

तुझा दादा

१५ जुलै

ती. दादास चिमणीचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग हसू तिथेच विरलं. दादा, ते गाणं माझं नाही. तू परीक्षक आहेस म्हटल्यावर मी पाठवलंच नाही. आमचे हे म्हणत होते, पाठव, त्याला काय कळतंय. मी म्हटलं, दादा माझी शिंकसुद्धा ओळखतो. कपाळ माझं!

अरे, कुलूप ओढून बघणाऱ्या आया घरोघरी असतात. माझ्या सासूबाई तर शेजाऱ्यांचंही ओढून बघतात. आणि गाणं माझं असतं, तरी कमी गुण द्यायचा तुला काय अधिकार? पंक्तीत घरच्यांना उपाशी ठेवायचं आणि त्याला न्याय म्हणायचं! मी निदान तुझ्याशी भांडले असते. त्या परक्या माणसानं कुणाशी भांडायचं? जा आणि सांग.

माया आहे, म्हणून टोचून लिहिलं.

चिमणी

२९ जुलै

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

जाऊन आलो. स्पर्धेचे अध्यक्ष म्हणाले, पहिल्या आलेल्या गाण्याचं ध्वनिमुद्रणही झालं, बाकीचे कागद रद्दीत गेले, आता उकरून काय उपयोग? वर माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. ते फार लागलं. परीक्षकपद सोडून आलो.

मग नोंदवहीतून पत्ता काढून ते गाणं लिहिणाऱ्या बाईंकडे गेलो. चष्म्याच्या दुकानात काचा बसवतात. काउंटरपाशी उभं राहून सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. उलट मलाच धीर देऊ लागल्या, की मास्तर, एवढं मनाला लावून घेऊ नका, गाणं तेव्हा कच्चंच होतं. आपल्या आईच्या कुलपाचं लोकांना काय, हे निकालानंतर त्यांच्या लक्षात आलं म्हणे. म्हणून जुना कागद फाडून आईला काढून टाकलं आणि चंद्र घातला. हौसेनं म्हणूनही दाखवलं. चाल तीच. आत कुणी नाही.

मी हात जोडून म्हटलं, जुनंच म्हणा. त्यांनी डोळे मिटून सुरुवात केली. दोन ओळी आठवल्या. तिसरीला चंद्रच उगवला. मग त्यांनीच मला विचारलं, की तुम्ही तर नीट ऐकलं होतं, पुढे काय होतं हो?

चिमणे, मला आपलीच आई आठवत होती. त्यांची एक ओळही नाही.

जावईबापूंना नमस्कार. माया कमी करू नकोस.

तुझा दादा