म्हाताऱ्या गाईच्या तोंडातलं हाड

बा, तुले वाचता येत नव्हतं आणि मले चौथीपर्यंतचंच येते, म्हणून या कागदाचं काय होणार ते दोघांलेही ठाऊक आहे. तरी लिहून राह्यली. नातवाच्या वहीचं पान फाडलं, त्याची बोंब अजून सुरू आहे. तोंडानं सांगायचं असतं तर तू होता तेव्हाच सांगितलं असतं. पण तेव्हा माझं तोंड नको तिथी चाललं आणि जिथी चालायले पाह्यजे होतं तिथी बंद राह्यलं.

मी दहा-अकराची असेन. देशाले स्वातंत्र्य भेटून पाच-सात वर्षं झाली होती, पण आमच्या गावात ते शाळेच्या झेंड्यापुरतंच आलं होतं. तू गावाचा गायकी. सकाळी आखरावर सगळ्या घरची ढोरं गोळा करायची, दिवसभर रानात चारायची, दिवस बुडता परत आणायची. दुपारी मी तुझी शिदोरी घेऊन येत होती, भात आणि अंबाडीची भाजी. वाटेत रान दाट होतं, पण तुझी ढोरं हाकायची आरोळी कानावर पडली की वाघाचं भेव पळून जात होतं. त्या दिवशी मी आली तर तू नाल्याकाठी ऐनाच्या झाडाखाली बसला आहे, नाला कोरडा आहे, आणि पाटलाची म्हातारी कबरी गाय थोडी दूर उभी आहे. तिच्या पाठीवर कातडं नुसतं टाकल्यासारखं. तोंडात हाड. मागच्या साली वाघानं सांबर मारलं होतं, त्याचं पांढरं झालेलं हाड. लाळ गळते आहे, डोळे अर्धे मिटले आहेत, एखादी म्हातारी पान चघळते तशी ती निवांत चघळते आहे.

मी ओरडली, "बा, गाय हाड खाते! हाकल ना तिले!"

तू भाताचा घास घेतला. "खाऊ दे."

"पाप लागते ना बा!"

"कोणाले? तिले का मले?"

"दोघांलेही."

"मंग आम्ही अर्धं अर्धं वाटून घेऊ," तू म्हणला, आणि हसला. मंग म्हणला, "तुरीच्या पाल्या-टरफलाचं कुटार जाते नांगराच्या बैलाले. सरकीची ढेप जाते दुभत्या गाईले. हिचं दूध आटलं, हिले कोण विचारते? धानाच्या वाळक्या काड्यांचं तनस टाकतात पुढं. तनसानं पोट फुगते बाई, पायाचे टोंगळे नाई भरत. तिले काय पाह्यजे ते तिले ठाऊक. मी कोण हाकलणारा? पण गावात बोलू नको."

पंधरा दिवस नाई बोलली. माझ्यासाठी तेही लय झाले. मंग एका सकाळी विहिरीवर पाटलीनबाई भेटली. पाच-सहा बाया दोर ओढून राह्यल्या होत्या. ती सगळ्यांले ऐकू जाईल अशी म्हणली, "काऊन वो पोरी, तुझा बाप ढोरं चारते का झाडाखाली झोपते? आमच्या कबरीचे हाडकं निघाले पाह्य." बाया हसल्या. तुले कोणी हसलं की माझ्या अंगाची आग होत होती. मी पाण्याचा गुंड खाली ठेवला आणि म्हणली, "रानात नाई वाळत ते. तुमच्या गोठ्यात वाळते. घरी नुसतं तनस टाकता, म्हणून रानात हाडं चघळते बिचारी. माझा बा चघळू देते म्हणून तर उभी आहे." दोर तिथल्या तिथी थांबले. शब्दन् शब्द खरा होता. इतकं खरं मी पुढं जन्मात क्वचितच बोलली असेन.

सांज होईपर्यंत गावभर झालं की गायकी गावच्या गाईंले हाडं चारते. चघळू देते नाई, चारते. पारावर बैठक बसली. या दुधाचा देवाले निवद दाखवला, या तुपाचा दिवा लावला, आता त्याचं काय, असं एकेक उठून बोलला. मी लिंबाच्या मागं उभी होती. तुले सुटायले सोपं होतं. पोरगी खोटं बोलली, दोन थापडा मारतो घरी नेऊन, एवढं म्हणलं असतं तर सगळे उठून गेले असते. तू म्हणला, "मी चारत नाई आणि हाकलत नाई." ढोरं दुसऱ्याच्या हाती गेली. तू घरी आला, काठी कुडाले टेकवली, मी वाढलेला भात सगळा जेवला, हात धुतले आणि म्हणला, "उद्यापासून शिदोरी नको आणू, बाई." बस. विहिरीवर काय झालं ते तू विचारलं नाई. मारलं असतं तर बरं झालं असतं, मार विसरते माणूस.

नव्या गायक्यानं कबरीले मुसकं बांधलं. पुढच्या उन्हाळ्यात ती गोठ्यात बसली ते उठलीच नाई. चार गड्यांनी पोटाखाली लाकडाची बल्ली घालून उचलली, तर मागच्या पायाचं हाड कडकन मोडलं, वाळकी तुराटी मोडावं तसं. तेव्हा कोणाले तरी तू आठवला. ज्यांनी ढोरं काढून घेतली त्यांच्याच गोठ्यात तू गेला, मी तुझ्या मागं. तू तिचं डोकं मांडीवर घेतलं. पाटलीनबाई घमेलं भरून कुटार घेऊन आली, डोळ्याले पदर लावून. कबरीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. तू एवढंच म्हणला, "राहू द्या बाई, आता तिले नाई पाह्यजे." त्यानंतर तू रानात बांबू तोडायच्या कुपावर मजुरीले गेला, आणि दुसऱ्या सालच्या कुपातून ताप घेऊन आला. नऊ दिवस तू खाटेवर होता, मी तुझ्या उशाशी होती. तेव्हाही मी विहिरीवरचं बोलली नाई.

माझ्या नातवंडांच्या वेळी इथं सासरच्या गावात जनावराचा डाक्टर येऊ लागला. मागच्या साली माझी म्हातारी गाय माती चाटत होती म्हणून त्याले दाखवली. तो म्हणला, "आजी, नुसत्या तनसावर ठेवली ना? जे चाऱ्यात भेटत नाई ते म्हातारं ढोर आपल्याच हाडातून काढते. वरून उभं दिसते, आतून पोकळ होते." मी म्हणली, "मंग रानातलं हाड चघळू द्यायचं का?" तो दचकला. "नाई, नाई! सडक्या हाडात विष असते, ढोर लुळं पडून मरते. पुडी देतो, पेंडीत कालवून द्या. कुटार द्या, शेंगांचा पाला द्या." म्हणजे बा, दुखणं तुले बरोबर कळलं होतं, औषध अर्धंच कळलं होतं. गावाले दोन्ही नाई कळलं.

आता जे सांगायले बसली ते सांगते. मागच्या सोमवारी विहीणबाई आल्या होत्या, आम्ही अंगणात बसलो होतो. पुडी सरून महिना झाला होता. दूध आटलेल्या गाईच्या पुडीसाठी तालुक्याले कोणाले धाडा, म्हणून मीच टाळत होती. माझी म्हातारी गाय रस्त्यानं आली, तोंडात हाड. विहीणबाई म्हणल्या, "अवं माय, तुमची गाय हाड खाते का काय!" मी उठली आणि तिच्या तोंडावर काठी मारली, दोनदा. हाड पडलं. तिनं माझ्याकडं पाह्यलं. मी विहीणबाईले म्हणली, डाक्टरनं मना केलं आहे, विष असते. त्याही म्हणल्या, तरीच. पण बा, काठी उचलली तेव्हा डाक्टर माझ्या ध्यानातही नव्हता. तो मले मागून आठवला.