इंजिन ऑइल गरम करण्याची ध्रुवीय पद्धत

५ जानेवारी, सोमवार
आजपासून रोज दोन पानं. ‘ध्रुवावरची छोटी विमानं’ हा माझा ग्रंथ मार्चअखेर पूर्ण. या विषयात माझ्याइतका अभ्यास कुणाचाच नसावा. निदान नळदुर्गात तरी नाही.
शुक्रवारी लेकीचा, शिवप्रियाचा, सोलापूरला इंटरव्ह्यू. दवाखान्यात नर्सची जागा. नऊला हजर पाहिजे. या जागेसाठी पोरीनं दोन वर्षं जिवाचं रान केलंय. जीपनं मीच नेणार.

६ जानेवारी
थंडीत जीप चालू होत नाही. मेकॅनिक युवराज म्हणाला, काका, बॅटरी गेली. त्याला इतिहास माहीत नाही. शंभर वर्षांपूर्वी स्की लावलेली विमानं बर्फावर उतरवणारे पायलट संध्याकाळी इंजिनातलं ऑइल काढून तंबूत नेत आणि सकाळी स्टोव्हवर गरम करून ओतत. उणे चाळीसमध्येही पंखा फिरायचा. आपल्याकडे अकरा डिग्री. तत्त्व तेच.

७ जानेवारी
ग्रंथ : एक ओळ. खोडली.
शिवप्रिया म्हणाली, पप्पा, मी एसटीनं जाते ना. राग आला. १९२९ साली अंटार्क्टिकात बांधून ठेवलेलं फोकर विमान वादळानं दोरांसकट उडवून नेलं, तरी माणसं डगमगली नाहीत, हे तिला जेवताना सविस्तर सांगितलं. ती भात कालवत राहिली.

८ जानेवारी, संध्याकाळ
ऑइल काढलं. बायकोच्या दूध तापवायच्या पातेल्यात. शिवकांता काय म्हणाली ते लिहीत नाही. पातेलं गोठ्यात झाकून ठेवलं. उद्या सहाला स्टोव्ह, साडेसहाला प्रस्थान. चूक होणं शक्य नाही.

९ जानेवारी, सकाळी ६.०५
पातेलं रिकामं.

६.१५
थोरले बंधू शरणप्पा गोठ्यातच सापडले. म्हणाले, धार काढाया उठलो तवा दिसलं. जळकं आइल हाय म्हनून खांबांना लावलं, वाळवी लई झालती. खांब चमकताहेत.

६.३०
ऑइलचा दुकानदार मल्लेश फोन उचलत नाही. शिवप्रिया फाईल घेऊन दारात उभी. घड्याळ बघतेय.

६.४५
मल्लेशनं उचलला. लग्नाला लातूरला गेलाय, चावी खिशात. मी शिवप्रियाला म्हणालो, पाचच मिनिटं. कशासाठी पाच, मलाही माहीत नाही.

६.५५
ती पाया पडली आणि निघाली. सातची एसटी मिळेल का? कोपऱ्यापर्यंत धावलो. दम लागला.

दुपारी १
फोन नाही. शिवकांताला म्हटलं, पोरगी पोचली का विचार. ती म्हणाली, तुमीच इचारा की. हिंमत झाली नाही. माझ्यामुळं पोरीची नोकरी गेली तर?

१२ जानेवारी
निवड झाली! मला शिवकांताकडून कळलं. परवा रुजू व्हायचंय.
शिवप्रियाला म्हटलं, नवं ऑइल भरलंय, मीच सोडतो. ती म्हणाली, पप्पा, स्टँडपर्यंत चला. चालत. बॅग धरायला.
सात मिनिटांचा रस्ता. मला पंधरा मिनिटं आधीच तयार राहायला सांगितलंय.