रीळ बदलेपर्यंत

आबा, तुम्हाला एकच विचारायचं आहे, आणि ते विचारायची अक्कल तुम्ही होता तेव्हा मला आली नाही. त्या बोलपटाच्या कंपनीतून तुम्ही कोल्हापूरला घरी आलात, भिंतीकडे तोंड करून पडलात आणि पडूनच राहिलात. आई सांगायची, दाढी वाढलेली, ताट तसंच परत, कुणी हाक मारली की पांघरूण डोक्यावर. आणि मग एक दिवस उठलात. कसे उठलात? कुणी काय बोललं, काय खाऊ घातलं, कुठल्या देवाला काय कबूल केलं? मला ते हवं आहे. तुमचा नातू, माझा मुलगा, इथं जपानात फुनाबोरीच्या फ्लॅटमध्ये खोलीचं दार लावून पडला आहे, आणि मी दाराबाहेर पाटावर बसून हे लिहिते आहे. हे कुठल्या पेटीत टाकणार, कुणाच्या पत्त्यावर, ते मलाही कळतं. म्हातारी झाले, खुळी नाही झाले अजून.

तो इथं कॉम्प्युटरच्या कामाला आला. आमच्या पुण्याच्या सोसायटीतली निम्मी पोरं अशीच कुठं कुठं पांगली, त्यात जपान म्हटल्यावर मी चार जणींना मिरवून सांगितलं. इथं म्हणे गिऱ्हाइकाच्या ऑफिसात तो एकटाच परका, दिवसभर जपानीत मीटिंगा, घरी आल्यावर पुन्हा मांडीवर लॅपटॉप. एके सकाळी नेहमीसारखा टाय बांधून स्टेशनवर गेला. गाडी आली, दारं उघडली, हा चढलाच नाही. पुढची आली, तीही गेली. बाकावर नुसता बसून राहिला. शेवटी स्टेशनातल्या माणसानं त्याच्या खिशातल्या कार्डावरून सुनेला फोन केला. तेव्हापासून हे असं आहे. सुनेनं मला बोलावून घेतलं, कारण तिचीही नोकरी, आणि ती सुटली तर भाडं कोण भरणार. त्याच्या ऑफिसातून फोन येतो, सून उभ्या उभ्या वाकून बोलते, दर वाक्याला कुणाच्या तरी नावापुढं सान, आपल्या ‘राव’सारखं. डॉक्टर म्हणतात, विश्रांती घेऊ द्या, घाई करू नका. घाई करू नका म्हणायला त्यांचं काय जातं?

तुम्ही बोलपटाच्या आधीचे. तंबूत मूकपट लागायचा, मशीन एकच, त्यामुळे रीळ बदलेपर्यंत पडदा कोरा आणि पब्लिक शिट्ट्या मारायला मोकळं. तेवढ्या वेळात पडद्यापुढच्या फळ्यांवर तुम्ही यायचात. हातात काही नाही, खांद्यावर पंचा तेवढा. पंचा डोक्यावर घेतला की सासू, काखेत मारला की जावई. पोट फुटायला आलेला जावई आणि त्याला अजून एक पोळी वाढणारी सासू, ही नक्कल घेऊन तुम्ही गावोगाव फिरलात. लोक सिनेमा विसरून तुम्हालाच वन्समोअर द्यायचे आणि मशीनवाला रीळ लावून खोळंबून बसायचा. एवढं आई रंगवून रंगवून सांगायची. पुढचं मात्र मोरीत भांडी घासताना, आमच्याकडे पाठ करून.

पुढं पडदाच बोलायला लागला, आणि कंपनीनं तुम्हाला बोलावलं. गल्लीनं हार घालून पाठवलं तुम्हाला. स्टुडिओत आवाज टिपायचं यंत्र, म्हणून दुसऱ्या कुणी श्वाससुद्धा मोठ्यानं घ्यायचा नाही. तुम्ही सासू केलीत आणि सवयीनं थांबलात, हशाला जागा ठेवून. हशा आलाच नाही. लाइटवाले तोंडात फडकी कोंबून हसू दाबत होते, पण उजेड तुमच्या डोळ्यांवर, तुम्हाला ते दिसणार कुठून. तुम्हाला वाटलं, आपण पडलो. पुन्हा केलंत, जास्त ओरडून, जास्त हात नाचवून, आणि पुन्हा थांबलात. डायरेक्टर म्हणाला, मधेच थांबता कशाला, फिल्म काय फुकट येते? शेवटी शेवटी तुम्हाला शब्दच आठवेनात. तुमचं काम दुसऱ्याला गेलं आणि तुम्हाला मुक्या नोकराचं मिळालं, हातात चहाचा ट्रे. त्या लाइटवाल्यांपैकीच एकानं हे सगळं आईला सांगितलं होतं. ते हसत होते हे तिनं तुम्हाला परोपरीनं सांगितलं, पण तुम्ही ते मरेपर्यंत खरं मानलं नाहीत.

मी पाहिलेले आबा म्हणजे थिएटरच्या दारावर तिकिटं फाडणारे आबा. तो जुना बोलपट पुन्हा लागला तेव्हा मी शाळा बुडवून बघायला गेले. ट्रे घेऊन तुम्ही येता, ठेवता, जाता. संध्याकाळी आई चुलीपुढं भाकऱ्या थापतेय, तुम्ही जेवताय, आणि मी आनंदानं सांगतेय, आबा, तुम्ही दिसलात. तुमचा घास हातातच थांबला. ‘तो मी न्हवं. गप जेव.’ एवढंच बोललात, पण असे की पुन्हा त्या विषयाला हात लावायची माझी छाती झाली नाही. तेव्हा हट्टानं विचारलं असतं तर आज अशी बंद दारापुढं रिकाम्या हातानं बसले नसते.

गेल्या आठवड्यात मी एक वेडेपणा केला. सून सायकलवरून स्टेशनला गेलेली, नात शाळेत. मऊ भात, मेतकूट, वर तूप, असं ताट दाराशी ठेवलं होतं, ते दुपारपर्यंत तसंच, तूप थिजून गेलेलं. मला काय वाटलं कोण जाणे, त्याचा टॉवेल डोक्यावर घेतला आणि तुमची सासू सुरू केली. ‘जावईबापू, एवढी एकच, माझ्या गळ्याची शपथ.’ दाराला कान लावला. फ्रिजचा आवाज तेवढा येत होता. पुन्हा केली, जावयाच्या ढेकरांसकट. घाम फुटला मला, आबा. हात नुसतेच नाचायला लागले, आणि तुमचं स्टुडिओत काय झालं असेल ते मला पहिल्यांदा कळलं. तेवढ्यात पाठीमागून हसणं आलं. नात दप्तरासकट उभी, हसून हसून वाकलेली. ‘मोऽ इक्काई, आजी, मोऽ इक्काई,’ म्हणाली. बागेत झोका थांबला की पोरं असंच ओरडतात, म्हणून तेवढं मला समजतं; पुन्हा एकदा. आणि मग आतून तो बोलला. कितीतरी दिवसांत मी त्याचा आवाज ऐकला नव्हता. ‘आई, नको गं. मी करतोय प्रयत्न. मला हसायला येतच नाहीये.’

रात्रीच्या जेवणाआधी सुनेला सांगितलं तर तिला केवढा आनंद झाला. बोलला ना, म्हणाली, आई, तुम्ही होता म्हणून बोलला. मला मात्र त्यातलं ‘येतच नाहीये’ तेवढंच ऐकू येतं. माझा व्हिसा संपत आला आहे. ती म्हणते, वाढवून मिळेल, मी बघते, तुम्ही जाऊ नका, मला एकटीला हे झेपणार नाही. तिनं माझे दोन्ही हात धरले होते, पोरीचे हात बर्फासारखे.

मी अजून हो म्हटलेलं नाही. मनात एक हिशेब मांडून बसले आहे. तुम्ही उठलात तेव्हा आई घरात नव्हती. मी पोटात होते, मामा येऊन तिला बाळंतपणाला माहेरी घेऊन गेला होता. मला घेऊन ती परतली तर तुम्ही दाढी करून, थिएटरच्या नोकरीवर. उठताना तुम्हाला कुणी पाहिलंच नाही. मग मला वाटतं, कदाचित सारखं तोंडाकडे बघणारं माणूस दूर गेलं म्हणूनच तुम्हाला उठता आलं. मी गेले तर हाही उठेल. सुनेला हेच सांगायचं, असं मी ठरवलं आहे, शब्दसुद्धा जुळवून ठेवले आहेत. पण तुमच्यापुढं कशाला लपवू, तुम्ही काही कुणाला सांगणार नाही. तो उठावा म्हणून मला जायचं नाहीये, आबा. तो उठला नाही, तर ते मला बघायचं नाहीये.