चौथ्या दिवशी, चहापानाआधी

११ जानेवारी
आजपासून रोजनिशी. उद्या प्रकरण निकाली निघेल तेव्हा लेखी काहीतरी हाताशी असावं.

काल मॅच संपल्यावर दादाशी जोरात वाजलं. आपल्या कॅप्टनने चौथ्या दिवशी, चहापानाला चाळीस मिनिटं असताना, फक्त २६४ ची आघाडी घेऊन डाव घोषित केला. पाचव्या दिवशी समोरच्यांनी तीन गडी राखून मॅच खिशात घातली. तरी दादाचं पालुपद एकच, निर्णय बरोबर होता, जिंकायचं तर धोका पत्करावाच लागतो. मी म्हटलं, वेळेआधी डाव सोडणारा तो कॅप्टन नव्हे, जुगारी. मी तीस वर्षं बस डेपोत कंट्रोलर होतो. एक गाडी वेळेआधी सोडली नाही.

तापलो होतो. म्हणालो, जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केलीस, पण वेळ कशाशी खातात ते तुला शेवटपर्यंत कळलं नाही. दादा नुसता खोकला. मी चपला घालून निघून आलो.

१२ जानेवारी
पुरावा आहे! रागात विसरलोच होतो.

आमची जुनी पद्धत. कसोटी बघायची ती दादाकडेच. लंचला दोघांनी आपापल्या चिठ्ठीवर लिहायचं, मी कॅप्टन असतो तर आज काय केलं असतं. चिठ्ठी म्हणजे दादाच्या दुकानातले पुठ्ठ्याचे टॅग, दुरुस्तीच्या घड्याळांना बांधायचे. सही करायची, घडी घालून स्क्रूच्या जुन्या डब्यात टाकायची. मॅच संपली की डबा उघडायचा आणि ज्याचं चुकलं त्याने चहा करायचा. परवा भांडणाच्या नादात डबा तसाच राहिला.

त्यात चौथ्या दिवसाची माझी चिठ्ठी आहे. 'डाव सोडू नये.' शब्दन्‌शब्द आठवतोय. म्हणजे लिहिताना वहिनींनी हाक मारली होती, जरा घाईत लिहिलं, पण माणसाचं तत्त्व काही घाईत बदलत नाही.

ठरलं. दादा डबा उघडेल, वरमेल, फोन करेल. मी मोठ्या मनाने विषय मिटवीन.

१५ जानेवारी
फोन नाही. आपला फोन चालू आहे ना, ते शेजारच्यांना मिस्ड कॉल द्यायला लावून तपासलं. चालू आहे.

१९ जानेवारी, दुपारी
वहिनींचा फोन. दादाच्या फुप्फुसात पाणी झालंय. घरीच ऑक्सिजनचं मशीन लावलंय. भाऊजी, या एकदा, म्हणाल्या.

मी विचारलं, डबा उघडला का त्याने? वहिनी म्हणाल्या, तुम्ही गेलात त्याच संध्याकाळी उघडला. वाचलं, परत बंद केला, आता उशाशी ठेवलाय, कुणाला हात लावू देत नाहीत.

हरला! म्हणून लपवतोय. लगेच गेलो तर त्याला ओशाळल्यासारखं होईल. आजारी माणूस आहे. दोन दिवस जाऊ देऊ. रविवारी नक्की.

२२ जानेवारी
रविवार काल झाला. पाय दुखत होता. बहुतेक डावा.

ही म्हणाली, चला, मीही येते. हिला समजावलं की या घडीला प्रेशर त्याच्यावर आहे, आपण फक्त संयम ठेवायचा. ही म्हणाली, तो तुमचा भाऊ आहे, समोरची टीम नाही. हिला कसोटीतलं काही कळत नाही.

२४ जानेवारी
नवी कसोटी सुरू. सकाळी न सांगता निघालो. दादाच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. त्याची खिडकी उघडी होती, कॉमेंटरी रस्त्यापर्यंत ऐकू येत होती. नेहमीपेक्षा मोठा आवाज. मशीनच्या घरघरीमुळे असेल.

केमिस्टच्या पायरीवर उभा राहून सहा ओव्हर ऐकल्या आणि परतलो. ऐन सेशनमध्ये कुणाच्या घरी जाऊ नये.

२७ जानेवारी
चौथा दिवस. तोच कॅप्टन, तशीच परिस्थिती. या वेळी गडी शहाणा झाला. चहापान झालं तरी डाव सोडला नाही, आघाडी चारशेच्या वर नेली. माझ्याच मताप्रमाणे! आता मॅच ड्रॉ होणार हे शेंबडं पोरही सांगेल.

हे बघ दादा, असं मोठ्याने म्हणालो. ही आतून बाहेर आली आणि विचारलं, कुणाशी बोलताय. समोर खुर्ची होती.

मॅच कंटाळवाणी झाली. खरं तर दादा नसला की सगळ्याच होतात. उद्या लंच झाला की जाणार. काळ्या दगडावरची रेघ.

२८ जानेवारी, दुपारी सव्वातीन
शर्ट इस्त्री करून घातलाय. लंचलाच निघणार होतो, पण ड्रॉ अधिकृत होऊ दे. म्हणजे मुद्दा पूर्ण मांडता येईल. बाकी तासाभराचा प्रश्न.

४.१०
फोन वाजतोय. शेवटच्या ओव्हर्स आहेत. हिने घेतला.

दादा गेला.

३१ जानेवारी
मॅच ड्रॉ झाली म्हणे. पेपरात होतं.

२ फेब्रुवारी
वहिनींकडे गेलो. त्यांनी डबा माझ्यापुढे ठेवला. तुमचा आहे, म्हणाल्या.

चौथ्या दिवसाचे दोन टॅग काढले. दादाचा: 'डाव सोडावा.' बारीक, सरळ अक्षर.

माझा: 'डाव सोडावा. चहापानाची वाट पाहू नये.' खाली सही, सहीखाली वेळ, ११.५०. डेपोतली सवय. आधी वाटलं, दादाने माझ्यासारखं अक्षर काढलंय. मग वेलांट्या पाहिल्या. माझ्यासारखी वाकडी वेलांटी दुसरं कुणी काढत नाही.

म्हणजे त्या दिवशी दादा माझीच बाजू मांडत होता आणि मी त्याला नको ते बोललो. अठरा दिवस पलीकडच्या गल्लीत बसून राहिलो. दादा, चुकलं रे माझं.

वहिनी म्हणाल्या, वाचून ते खूप हसले, हसता हसता खोकले. मी म्हटलं, भाऊजींना फोन करून सांगा की. तर म्हणाले, नको, वरमेल बिचारा. स्वतःच येईल, मग दोघं मिळून उघडू. रोज लंच झाला की विचारायचे, दार वाजलं का गं?

मला तिथे बसवेना. उठलो, स्वयंपाकघरात गेलो आणि चहा केला. नियम तसाच आहे.

कप वहिनींच्या हातात दिल्यावर लक्षात आलं, त्यात साखर नव्हती. बिनसाखरेचा दादाला लागायचा. दुसरा करून देतो म्हणालो. वहिनी म्हणाल्या, राहू द्या, आणि तसाच प्यायल्या.