तुमची तेरवी एकदा झाली आहे

अहो,

आज सकाळी मधुकर भाऊजी आले होते. ओट्यावर बसले, चहा घेतला, डोळे पुसले आणि मला विचारलं, "वयनी, परवाच्या तेरवीले बुंदीच ठेवाची ना? भाऊले आवडे."

बुंदी! सख्ख्या भावाला इतकंही आठवू नये? लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं तुमच्या ताटात बुंदी टाकली तर तुम्ही उठून हात धुवायचात. ते कशामुळे, हे भाऊजी विसरले. मी विसरले नाही. म्हणून ते गेल्या गेल्या हा कागद घेऊन बसले आहे. तुमच्याशी बोलल्याशिवाय मला परवाचा दिवस ढकलता येणार नाही.

एकाहत्तरच्या लढाईत तुमच्याबद्दलची तार आली तेव्हा मला अक्षर ओळखता येत नव्हतं. पोस्टमननंच ती वाचून दाखवली. 'सापडत नाहीत' एवढंच तिच्यात होतं. मेले, असं कुठंही नव्हतं, आणि ते घरात सगळ्यांना कळलं होतं. पण सुमनताईचं लग्न जमत नव्हतं. पाहुणे म्हणायचे, घरचा थोरला मुलगा धड जिवंत नाही, धड मेलेला नाही, अशा घरात सोयरीक करायची कशी? बहिणीचं लग्न अडलं म्हणून तुमच्या वडिलांनी ठरवलं, की तुम्ही मेलात.

पळसाच्या पानांचा पुतळा केला. त्याला तुमचा सदरा घातला आणि नाल्याकाठी नेऊन जाळला. माझ्या बांगड्या फोडल्या, एक काच मनगटात रुतली. तेरवीला अख्खं गाव जेवलं. बुंदी होती. आतल्या खोलीतून मला ऐकू येत होतं, "इकडं वाढा, इकडं वाढा!" मी म्हणत होते, ते जिवंत आहेत. सासूबाईंनी विचारलं, "तुले कसं मालूम?" मला सांगता आलं नाही. खरंच, कसं माहीत होतं हो मला?

पुढच्या हिवाळ्यात, कापूस वेचणीच्या दिवसांत, तुम्ही आर्णीहून पायी आलात. एक पाय ओढत. तुम्ही सुटल्याची तार आणि कैद्यांच्या छावणीतून पाठवलेलं कार्ड, दोन्ही तुमच्या मागून आली. मी शेतात होते. कुणीतरी हाक मारली, तशी ओटीतल्या कापसासकट धावत घरी आले. तुम्ही गोठ्यात बैलांजवळ बसला होतात आणि तुमचे वडील उंबरठ्यात आडवे उभे होते.

"ज्याची तेरवी झाली तो असा घरात येत नाही," ते म्हणाले. "गुरुजीले विचारू द्या आधी."

शत्रूच्या तुरुंगातून सुटलेला माणूस आपल्याच घरी गोठ्यात! मुहूर्त निघेपर्यंत तुम्ही तिथंच राहिलात. मी भाकरी आणायचे, ती लांबून सरकवायची. तिथं छावणीत तरी कुणी हातात देत असेल, असं मला वाटायचं. तुम्ही एकदाही चिडला नाहीत. मला मात्र तुमच्या त्या शांतपणाचा राग यायचा. आजही येतो. का नाही ओरडलात? लढाईत ओरडला असालच ना?

गुरुजींनी सांगितलं, मेलेल्या माणसाला परत यायचं तर परत जन्मावं लागेल. मग तुम्हाला तूप चोळून आंघोळ घातली. घोंगडीची झोळी बांधून तिच्यात बसवलं. मिशांवाला, पायाला पट्टी बांधलेला शिपाई झोळीत! बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. "काय नाव ठेवता वं बाई बाळाचं?" तुमच्या आत्याबाईनं डाव्या कानाशी तोंड नेलं आणि कुर्र केलं. त्या कानाशेजारी तोफगोळा फुटला होता, तो कान केव्हाच गेला होता. तुम्ही हळूच म्हणालात, "आत्या, त्या कानात काही जात नाही. ह्या कानात म्हन." पण बाया हसतच राहिल्या. नाव बहिऱ्या कानातच राहिलं.

मग आपलं दुसऱ्यांदा लग्न लागलं. तुम्ही मंगळसूत्र बांधताना मला कानात विचारलंत, "माह्यामागं तुले जेवाले देत होते का?" मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, तुम्ही कधी विचारलं नाहीत. मीही सांगितलं नाही.

झोळीतून उठवलं म्हणून गावानं तुम्हाला जिवंत धरलं का? न्हाव्याच्या दुकानात गेलात की कुणीतरी ओरडायचं, "या, तेरवीवाले! आपल्या तेरवीची बुंदी लय झकास झालती." तुम्ही हसायचात. ते मागून म्हणायचे, हात वर केले म्हणून वाचला. तेही तुम्हाला ऐकू यायचं, कारण उजवा कान चांगला होता. घरी येऊन तुम्ही अंगणात खाट टाकून पडायचात. थंडी असो, पाऊस असो, दाराआड कधी म्हणून तुम्ही झोपला नाहीत. पावसात मी तुमच्यावर ताडपत्री धरून उभी राहिले आहे, आठवतं?

मी वाचायला शिकले ते तुमच्या त्या तारेमुळेच. किराण्याच्या पुड्यांचे कागद सोडवून सोडवून शिकले. माझ्या घराबद्दल काय लिहून आलं ते पुन्हा दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं मला. पुढं रोजचं वर्तमानपत्र मी तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवायचे, उजव्या बाजूला बसून. लढाईची बातमी आली की तुम्ही म्हणायचात, "पुढचं वाच."

एवढं सगळं वाचलं, पण तुमच्या मनातलं मला कधी वाचायला मिळालं नाही. ते सगळं आर्णीच्या रशीदभाई मिस्त्रीला ठाऊक! मोटारपंप दुरुस्तीला न्यायचा म्हणून अर्धा दिवस त्याच्या दुकानात बसायचात, ते यासाठी? चार दिवसांपूर्वी भेटायला आला तेव्हा त्यानं सांगितलं. छावणीच्या दवाखान्यात तुमच्या पायाची पट्टी बदलणारा एक म्हातारा होता. तुमच्या बोटांवरचे बोंडांचे ओरखडे पाहून त्यानं विचारलं, "कपास चुनते हो?" त्याच्याही घरी कापूस होता. दोघं अळीबद्दल बोलत बसलात. दुसऱ्या दिवशी त्यानं खिशातून एक फुटलेलं बोंड आणून तुमच्या उशाशी ठेवलं. तो दिवसातून दोनदा पट्टी बदलायचा, म्हणून पाय राहिला.

मी रशीदभाईला विचारलं, मला का नाही सांगितलं त्यांनी? तो म्हणाला, "भाभी, वो बोलता था, घर में बोलूँगा तो ये लोग कहेंगे, दुश्मन की तारीफ करता है."

ये लोग! मी 'ये लोग' होते का हो? ज्या हातांवर तिकडच्या माणसाला कापूस दिसला, त्याच हातांना मी आयुष्यभर खोबरेल लावलं. मला तरी सांगायचं होतं. हे मात्र मी तुम्हाला सहज माफ करणार नाही.

तुम्हाला स्मशानात नेलं त्या दिवशी बाया माझ्या बांगड्या फोडायला आल्या. मी हात पदराखाली घेतले. "याच माणसासाठी एकदा फोडल्या," म्हटलं. "आता नाई." त्यांना वाटलं, दुःखानं डोकं फिरलं.

आज भाऊजींनी फलकही आणला होता. वर 'शूर योद्धा', खाली तुमचा वर्दीतला फोटो. तोच फोटो! पहिल्या तेरवीलाही हार त्यालाच घातला होता. मांडव येणार, पुढारी येणार, भाषण होणार. न्हाव्याच्या दुकानातले ते सगळे पहिल्या पंगतीला बसणार. मी म्हटलं, "भाऊजी, तेरवी होनार नाई."

"काहून?"

"झाली ती. तुम्हीच तर जेवले."

"वयनी, असं काय बोलून राह्यल्या? भाऊचा आत्मा अडकून राहीन ना!"

"जित्या मानसाले गोठ्यात अडकवलं तवा नाई वाटलं?"

ते आपल्या विनोदकडे पाहू लागले. मला धाकधूक होती, यवतमाळला नोकरी करणारा पोरगा लोकलाजेला भिईल. पण त्यानं फलकाची गुंडाळी केली आणि काकाच्या हातात दिली. भाऊजी ती काखेत मारून गेले. गाव आता माझ्याशी बोलणार नाही. न बोलो. तुमच्याशी तरी कुठं नीट बोललं?

परवा मांडव नाही, पंगत नाही. रशीदभाईला बोलावलं आहे, तो अंगणात बसून मला राहिलेलं सांगेल. तुमची खाट तिथंच असेल आणि दार उघडं असेल. मी जन्मात तुमचं नाव घेतलं नाही, इथंही हात अडला. पण परवा घेईन, मोठ्यानं, खाटेच्या उजव्या बाजूला बसून. यावेळी ते तुम्हाला ऐकू जाईल, एवढं मी पाहीन.

तुमच्याशी दोनदा लग्न लागलेली,
सुशीला