आमेनच्या आधी

लाडक्या लेकी,

परगावी नोकरीला जाताना तुझ्या चिमुरडीला वळण लावायचं तू माझ्यावर सोपवलंस. मी शिकवलं, प्रार्थनेत मोठ्यांच्या आमेनआधी डोळे उघडायचे नाहीत, बोलायचं नाही.

काल जेवणाआधी माझी प्रार्थना, मी शाळेत शिकवायचो त्या कवितांच्या चालीत, लांबली. जळका वास आला म्हणून डोळे उघडले, तर टेबलावरच्या मेणबत्तीवर तिच्या वेणीची रिबीन पेटलेली, आणि पोर हात जोडून, डोळे घट्ट मिटून बसलेली! मी पाण्याचा जगच ओतला. नुसती वेणी करपली.

"अगं, ओरडली का नाहीस?"

"तुमचं आमेन कुठं झालं होतं, आजोबा?"

आज म्हटलं, "यापुढे डोळे उघडे ठेवले तरी चालेल."

"आईला विचारलंत?" तिनं मलाच दटावलं.

तुला विचारायचं तर सगळंच सांगावं लागेल, लेकी, आणि तेवढं धैर्य नाही. म्हणून हे पत्र लिहून झालं तरी खिशातच राहील.

तुझे,
बाबा