तुमच्या लेकाचं वाजणारं यंत्र

आत्याबाई, तुमच्या लेकाला आता तुम्हीच काय ते सांगा. मी सांगून दमले. तुम्हाला जाऊन वीस-बावीस वर्षं झाली, एवढ्या वर्षांत मी तुमच्याकडं एकही गाऱ्हाणं आणलं नाही. तुम्ही होता तेव्हाही आणत नव्हते, कारण आणलं की तुम्ही आधी मलाच चार शब्द ऐकवायचात आणि मग त्यांना हाक मारून त्यांच्या ताटात जास्तीचं तूप वाढायचात. पण आताचं प्रकरण माझ्या एकटीच्यानं निस्तरत नाही, आणि ज्याला सांगावं असं दुसरं माणूसही घरात नाही.

सुरुवात समुद्रावर झाली. दिवाळीनंतर तुमच्या नातवानं आम्हाला गाडीतून कोकणात नेलं. मी समुद्र पहिल्यांदाच बघत होते. ओंजळीत पाणी घेऊन सूर्याला अर्घ्य दिलं, डोळे उघडून वळले तर हे जाग्यावर नाहीत. लांब वाळूत एक तरुण माणूस दांड्याचं यंत्र घेऊन फिरत होता आणि हे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्याच्या मागं मागं. दांड्याच्या खालच्या टोकाला ताटाएवढी चकती, ती झाडू मारल्यासारखी वाळूवरून फिरवायची. खाली धातू असला की यंत्र वाजतं. एका नव्या नवरीची अंगठी वाळूत पडली होती, ती त्या माणसानं शोधून दिली. तिचा नवरा पैसे द्यायला लागला तर घेतले नाहीत. उकरलेला खड्डा पायानं बुजवला, बाटल्यांची झाकणं सापडली ती कमरेच्या पिशवीत टाकली आणि पुढं चालू लागला. हे परत आले ते असे, की देव भेटला असावा. "बघितलंस का? ह्याला म्हणत्यात शिस्त," म्हणाले.

तुम्हाला आठवतंय ना, फौजेत यांचं काम असल्याच यंत्राचं होतं. सुरुंग शोधायचं. आपण दोघींनी त्या यंत्राच्या नावानं किती गुरुवार धरले. मी चुलीपुढं भाकरी थापतेय, तुम्ही उंबऱ्यावर बसलाय, पोस्टमनची सायकल दिसली की तुमच्या हातातलं निवडणं थांबतं. सायकल पुढं निघून गेली की तुम्ही सुटलेला पदर सावरता आणि म्हणता, "गेला बया, आपल्यात न्हाई." मग मी तव्यावरची भाकरी उलटते. ती कधी कधी करपलेली असते, आणि त्या दिवशी तुम्ही करपल्याबद्दल बोलत नाही. असली वर्षं काढून माणूस धडधाकट घरी आला, पेन्शन सुरू झाली, आणि आता म्हातारपणी तेच यंत्र पदरचे पैसे घालून घरात आलं. सूनबाईनं मोबाईलवरनं मागवून दिलं. मला आधी वाटलं, पंखा आला.

उन्हाळ्यात कृष्णेचं पाणी आत सरकतं आणि दत्ताच्या देवळाखाली घाटापुढं वाळू उघडी पडते, तिथं यांचा कारभार सुरू झाला. सकाळी माझी आरती आणि यांचं यंत्र एकाच वेळेला वाजायचं. नियम तर एवढे केले, की फौजेत नसतील. कुणाच्या मळीत, नदीकाठच्या रानात, पाय टाकायचा तर आधी मालकाला विचारायचं. बायका धुणं धुवत असल्या, कुणी आंघोळीला उतरलं असलं, तर तिकडं फिरकायचं नाही. दहाव्याचे विधी जिथं होतात ती जागा सोडायची. जुनं नाणं, मूर्ती असलं काही निघालं तर हात न लावता पोलीसपाटलाला कळवायचं. कुणाची वस्तू सापडली तर ती ज्याची त्याला पोचवायची, आणि पोचेपर्यंत ती आपली म्हणायची नाही. निघालेला कचरा घरी आणायचा आणि खड्डा असा बुजवायचा, की खड्डा होता हे कळूसुद्धा नये.

कचरा घरी आणायचा म्हणजे कुठं, तर माझ्या परसात. गंजलेले खिळे, झाकणं, दाढीची पाती, तारा, एक अख्खा पितळी नळ. मी रोज हिशेब लिहिते हे तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच मॅट्रिकवाल्या सुनेला ते काम लावलंत. भंगारवाल्याला ढीग घातला तेव्हा जमेच्या बाजूला काय लिहावं ते सुचेना. शेवटी 'नदी' असं लिहिलं. असली जमा कुणाच्या वहीत नसेल.

पण आत्याबाई, खरा घात केला तो त्या बुजवलेल्या खड्ड्यांनी. माणूस भल्या सकाळी यंत्र घेऊन येतो, गुडघ्यावर बसून उकरतो, काहीतरी खिशात टाकतो, मग खड्डा पुन्हा भरतो, वरून हातानं थापतो, एवढंच नाही तर झाडाचा डहाळा घेऊन वरची वाळू सारखी करतो. गावानं ह्याचा काय अर्थ काढावा? घाटावर बायका मला विचारायला लागल्या.

"वैनी, काय गावलं का वो फौजीस्नी?"

म्हटलं, "खिळे."

"आवं, खिळं कुनी थापून थापून पुरून ठिवतं व्हय?"

दुसरी म्हणाली, "सांगायचं नसतंय गं. गुप्तधन सांगितलं की कोळसा हुतोय त्येचा." आणि सगळ्या हसल्या, पण हसताना माझ्या गळ्यात नवीन काय दिसतंय का तेही बघून घेतलं.

मी यांना म्हटलं, खड्डे बुजवू नका, किंवा निदान एवढे नटवू नका. तर म्हणाले, "उघडा खड्डा ठेवणं म्हणजे दुसऱ्याचा पाय मोडणं." बरोबर आहे. ह्या माणसाचं सगळं बरोबर असतं, तोच त्रास आहे. कारण हे घरी आले की गावातली माणसं जाऊन तेच खड्डे पुन्हा उकरायला लागली. यांनी टीचभर खोल नेलेला खड्डा ती हातभर नेत, आणि काही मिळालं नाही, की तसाच उघडा टाकून जात. घाटापुढची वाळू चाळणीसारखी झाली. आणि एका गुरुवारी देवळात फुलांच्या माळा घेऊन येणारी म्हातारी माळीणबाई त्यातल्या एकात गेली. घोटा मोडला. मिरजेला नेऊन प्लास्टर घालावं लागलं.

संध्याकाळी देवळाचे पंच घरी आले. मी चहा टाकला. यांनी सगळं समजावून सांगितलं, आपला खड्डा केवढा, तो केवढा, कडा कशा तुटल्या होत्या. पंचांतले थोरले ऐकून घेऊन म्हणाले, "फौजी, तुमी काडला नसंल खड्डा. पन तुमच्यापायी पडला का न्हाई, येवडं सांगा."

यांनी हातातली कपबशी खाली ठेवली. मग म्हणाले, "व्हय."

"मग यंत्र बंद ठिवा. वाळूत उतरू नगा."

चहा तसाच राहिला. यांनी यंत्र पुसलं, मूळच्या खोक्यात घातलं, खोकं माळ्यावर ठेवलं.

तुम्ही म्हणाल, झालं की तुझ्या मनासारखं. मलाही वाटलं होतं. पण तो माणूस मग घरात बसला, आत्याबाई. रोज सकाळी माळीणबाईला दूध पोचवून यायचे. ती यांना चिडवायची, "फौजी, माजं दोन दात पडल्यात नदीत, तेवडं बगा की," तरी हसायचे नाहीत. बाकी सगळा दिवस माझ्या स्वयंपाकघरात. डब्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या. जिरं आणि ओवा यांची जागा बदलली. गॅसचं बटण मी बंद केलं की उठून पुन्हा बघून यायचे. भाकरी दोनाची एक झाली, आणि रात्री विचारलं तर, "भूक न्हाई गं." सीमेवरून रजेवर आल्यावर पहिले दोन दिवस असेच बसायचे, आठवतंय? तेव्हा तुम्ही मला सांगायचात, "बोलू नगंस, निस्तं वाडत जा." मी नुसतं वाढत होते. पण तेव्हा दोन दिवसांत ते माणसात यायचे. आता महिना होत आला होता आणि माणूस आतून विझत चाललेला मला दिसत होता.

म्हणून मी जे केलं ते केलं. गुरुवारी दर्शन झाल्यावर शेवटच्या पायरीपुढं, एका पांढऱ्या धोंड्याच्या मुळाशी, डाव्या पायातलं जोडवं काढून वाळूत दाबलं. तुम्ही दिलेलं. यांची पहिल्यांदा सीमेवर बदली झाली तेव्हा मी चिखलात बोट सुजलं म्हणून जोडवी काढून ठेवली होती आणि तुम्ही माझ्यावर केवढ्या कडाडलात, "त्यो तकडं बर्फात, आन तू पाय मोकळं सोडून हिंडतीस?" मी दिवसभर जेवले नाही. आठच दिवसांत तुम्ही स्वतःचे वाळे सांगलीच्या सोनाराकडं आटवून बोटाला सैल बसतील अशी नवी जोडवी करून आणलीत आणि काही न बोलता माझ्या पुढ्यात ठेवलीत. तीन वेढ्यांची, बिननक्षीची. त्यातलं एक मी मुद्दाम वाळूत पुरलं आणि घरी येऊन रडले. रडू खोटं काढायचं होतं, पण दारात पोचेपर्यंत खरंच आलं.

माझा हिशेब असा होता, की हे तडक खोकं काढतील, धोंड्यापाशी यंत्र वाजेल आणि तासाभरात जोडवं मिळून गावासमोर काम फत्ते. पण तुमचा लेक! म्हणाले, "पंचांनी मना केलंय. विचारल्याबिगर उतरणार न्हाई." मी म्हटलं, अहो, बायकोचं जोडवं आहे. म्हणाले, "मग रीतसर विचारतो." थोरले पंच तासगावला लेकीकडं गेले होते. ते यायचे थांबले. मग बाकीच्यांना गोळा करायला थांबले. परवानगी मिळेपर्यंत वर धरणातून पाणी सोडलं, नदी चांगली दोन पायऱ्या चढली आणि उतरली. मी जाऊन बघते तर पांढरा धोंडा तिथं नाहीच. सगळी वाळू नव्यानं अंथरल्यासारखी.

यांनी दोरी लावून पट्टे आखले आणि पट्टा पट्टा शोधायला लागले. निम्मं गाव पायऱ्यांवर बसून बघतंय. यंत्र वाजलं की सगळे उठून उभे राहतात. निघतो खिळा. पुन्हा वाजतं, झाकण. पुन्हा वाजतं, चमचा. हे प्रत्येक वस्तू हात वर करून सगळ्यांना दाखवतात, मग खड्डा बुजवतात. दुसऱ्या दिवशी बघ्यांतलाच एकजण ओरडला, "आयला, खरंच खिळंच हायती की!" तेवढं मात्र झालं. गुप्तधनाचं भूत तिथंच उतरलं.

तिसऱ्या दिवशी यंत्र बारीक, गोड वाजलं. हे बसले, बोटांनी वाळू सारली आणि काहीतरी उचललं. सरळ माझ्यापुढं आले. तळहातावर काळं पडलेलं जोडवं. दोन वेढ्यांचं. वर माशाची नक्षी, झिजलेली.

"हेच का गं?"

थोरले पंच मागं उभे, बायका पायऱ्यांवर उभ्या. आणि यांचा चेहरा. तो तुम्ही बघायला हवा होतात. रजा मंजूर होऊन दारात उभं राहिल्यावर असायचा, तो. चाळीस वर्षं संसार करून बायकोच्या जोडव्याला वेढे किती हे ह्या माणसाला माहीत नाही, आणि मिलिमीटरमध्ये खड्डे मोजतो!

मी म्हटलं, "व्हय. हेच."

टाळ्या वाजल्या. थोरले पंच म्हणाले, "न्हाई, फौजी, यंत्र कामाचं हाय." आता कुणाची चावी पडली, पैंजण पडलं, की बोलावणं येतं. हे दोन भाकरी खातात. जिरं मी परत जाग्यावर ठेवलंय.

पण ते जोडवं, आत्याबाई. मी तुळशीच्या पाण्यानं धुतलं आणि देवापुढं ठेवलं, यांना सांगितलं, आता जपून ठेवते. पायात घालवत नाही. कुणा बाईचं असेल, ती असेल, नसेल. यांच्या नियमाप्रमाणं ते जिचं तिला पोचायला हवं, घाटावर विचारायला हवं. आणि माझ्या एका शब्दामुळं ते कधीच कुणी विचारणार नाही. घाटावर हल्ली मी बायकांच्या तोंडाकडं बघत नाही, पायांकडं बघते. एकाच पायात माशाच्या नक्षीचं जोडवं असलेली बाई दिसते का ते शोधते. आणि दत्ताच्या दारात उभी राहून, तुमच्यापाशी म्हणून सांगते, ती दिसू नये असंही मनात येतं.

तुमचं जोडवं नदीत आहे. ते हे अजूनही कधीतरी शोधून काढतील, याची मला मोठी भीती आहे.

हे कागद कुठं पाठवायचे नाहीत. गव्हाच्या कोठीत तळाशी घालते. यांच्या यंत्राला कागद कळत नाही. दोन कागद झालेत, पण टाचणी लावलेली नाही.